'पीएचडीला ये, विषय मागाहून पाहू'

वाचकाचं पत्र

मी २३ वर्षांची आहे. डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात आमचं घर. बाबांचे दोन ट्रक मिनेर, म्हणजे लोहखनिज, वाहायचे. २०१२च्या खाणबंदीत एक विकला, २०१८च्या बंदीत दुसरा. गोवा विद्यापीठात माझं अप्लाइड जिऑलॉजीचं एमएस्सी या मेमध्ये संपेल. सीएसआयआर-नेटमध्ये 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा निकाल लागला, जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, थोडक्यात हुकली. लिलावात गेलेल्या एका खाणीवर ज्युनियर जिऑलॉजिस्टची नोकरी मिळू शकते. ओळखीचे एक सर म्हणतात, 'पीएचडीला ये, विषय मागाहून पाहू.' आई म्हणते, सरकारी परीक्षा दे आणि मोकळी हो. मला संशोधन करायचंय. पण पाच वर्षं घातली आणि खाणी पुन्हा बंद पडल्या तर? गोव्यात राहून जमेल का? आणि पीएचडीनंतर पोटापाण्याचं काय?

आमचं उत्तर

तुला भीती खाण बंद पडण्याची वाटते. आम्हाला जास्त काळजी वाटली ती सरांच्या त्या एका वाक्याची. खाण बंद पडली म्हणून पीएचडी अडेलच असं नाही. पण विषय, नमुने आणि पैसा ठरण्याआधी नोंदणी केली तर ती अडते, आणि ते कळेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. कोर्सवर्क संपतं, सर तीन-चार शोधनिबंध वाचायला देतात, मग 'अमुक यंत्र बंद आहे', 'तमुक खाणीची परवानगी आली नाही' असं सुरू होतं. सर वाईट असतात असं नाही. त्यांनाही विद्यार्थी हवा असतो, विषय त्यांच्याकडे तयार नसतो.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात दोन ट्रक गेलेत.

२०२४च्या जूनपासून नेटच्या निकालाचे तीन गट झाले. पहिल्याला जेआरएफ, प्राध्यापकी आणि पीएचडी प्रवेश तिन्ही मिळतं, दुसऱ्याला शेवटची दोन, तिसऱ्याला फक्त प्रवेश. तू तिसऱ्या गटात आहेस. म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशात तुझ्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळेल, पण हा निकाल वर्षभरच चालतो आणि त्यातून एक रुपयाही विद्यावेतन येत नाही. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे आढावा पार पडला की ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता वेगळा. पाच वर्षांत हा फरक वीस लाखांच्या वर जातो. म्हणून परीक्षा अजून एकदा तरी द्यायचीच. वर्षातून दोनदा होते.

तुझी जेआरएफ 'थोडक्यात' हुकली असेल तर कुठे हुकली ते बघ. या पेपरात क भागातले २५ प्रश्न ४ गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण तिथेच. ८० प्रश्नांतून २५ निवडायचे असतात, त्यामुळे भूविज्ञानाची मुलगी आपल्या विषयातले निवडून तो भाग भरू शकते. ब भागात मात्र समुद्रविज्ञान आणि वातावरणविज्ञानाला हात लावल्याशिवाय ३५ प्रश्न पुरे होत नाहीत. आपल्याकडची मुलं बहुधा तिथे मार खातात: शिलाशास्त्र तोंडपाठ, आणि कोरिऑलिस बल आलं की अंदाजपंचे. चुकीला गुण कापतात, हे धरून चाल.

जेआरएफखेरीज तीन वाटा आहेत. एमएस्सीत विद्यापीठात पहिली आलीस तर इन्स्पायर फेलोशिपला अर्ज कर. गेटमध्ये भूविज्ञान-भूभौतिकीचा जीजी पेपर दे. निकाल तीन वर्षं चालतो आणि आयआयटी-एनआयटीत पीएचडीला त्यावर तेवढंच ३७,०००-४२,०००चं विद्यावेतन मिळू शकतं. खाण अभियांत्रिकीचा एमएन पेपर तुझ्यासाठी नव्हे, नाव बघून भुलू नकोस. तिसरी वाट प्रकल्पातल्या जागेची. इथे एकच प्रश्न विचारायचा, पण लाजून सोडायचा नाही: प्रकल्प कधी मंजूर झाला आणि पैसा कुठल्या महिन्यापर्यंत आहे? प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो, पीएचडीला पाच लागतात. सरांच्या हातात प्रकल्पाचं शेवटचं वर्ष उरलं असेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षी तू बिनपगारी प्रयोगशाळेत बसशील. शिवाय विद्यावेतन कुठलंही असो, मधेच दोन-चार महिने अडकतं. ताळगाव, दोनापावला भागात खोली घेणार असशील तर तेवढ्या महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच घे.

यूजीसीचे २०२२चे नियम एकदा मुळातून वाच. किमान तीन वर्षं, कमाल सहा. मुलींना दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांची बाळंतपणाची रजा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. हा शेवटचा नियम तुझ्या कामाचा आहे, त्याकडे परत येऊ.

आता विषय. गोव्यात विषय निवडताना आम्ही एकच कसोटी लावू: खाण चालू असली तरी माहिती मिळेल आणि बंद पडली तरी मिळेल, असा प्रश्न आहे का? २०१२ आणि २०१८ दोन्ही वेळा ज्यांचं काम चालू खाणीच्या रोजच्या आकड्यांवर उभं होतं त्यांची पंचाईत झाली. सुरुंगभोकांचे नमुने, प्रतवारीचं नियंत्रण, खाणीच्या आराखड्याचं गणित हे विषय चांगले, पण सुरुंग थांबला की माहिती थांबते. नव्या लिलावातले पट्टे ५० वर्षांचे आहेत हे खरं. तरी गोव्यात ५० वर्षांच्या कागदावर पाच वर्षांची पीएचडी टांगू नये.

या कसोटीला सगळ्यात चांगला उतरणारा विषय म्हणजे खाणींच्या खंदकांतलं पाणी. आपल्या खाणपट्ट्यात वर जांभ्याचा थर, तो पाणी धरतो. त्याखाली चिकणमाती आणि कुजलेला फिलाइट खडक, तो पाणी अडवतो. आणि खाली भुसभुशीत लोहखनिज, जे स्वतःच उत्तम जलधर आहे. म्हणजे आपण जे खणून जहाजात भरलं तोच पाण्याचा साठा. खंदक खोल गेले, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली, आणि ते कोरडे ठेवायला पंप चालले. आसपासच्या झरी, विहिरी आणि कुळागरांच्या पाटांवर त्याचा काय परिणाम झाला यावर गावोगाव भांडणं झाली. २०१८नंतर उपसा थांबला आणि खंदक भरले. आता लिलावातल्या पट्ट्यांत ते पुन्हा उपसले जातायत. डिचोलीचा पहिला गट २०२४ला सुरू झाला, बाकीचे टप्प्याटप्प्याने येतील. उपशाआधीची, उपशाच्या वेळची आणि थांबल्यावरची पातळी एकाच भागात मोजायला मिळणं ही संधी जलभूशास्त्राच्या माणसाला सहसा मिळत नाही. खाण चालली तर एक अर्धा भाग हाती लागतो, बंद पडली तर दुसरा.

पण हे काम बिघडतं कुठे तेही ऐक. पहिली चूक उंचीची. विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खाली ते टेपनं मोजता येतं, पण खंदकातल्या पाण्याशी त्याची तुलना करायला दोन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. फोनच्या जीपीएसची उंची दहा मीटरसुद्धा चुकते. ज्या फरकावर तुझा सगळा निष्कर्ष उभा राहणार तो दोन-तीन मीटरचा असेल, तर दोन वर्षांची वही वाया. त्यामुळे पहिल्याच महिन्यात डीजीपीएसनं (जास्त अचूक जीपीएस) किंवा लेव्हलिंगनं प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक खूण बांधून घ्यायची आणि कायम त्याच खुणेपासून मोजायचं. सकाळी पंप लागायच्या आधी. पंधरवड्यातून एकदा.

दुसरी चूक नमुन्याच्या बाटलीची. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांसाठी बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आम्ल घालायचं नाही. अर्धी बाटली महिनाभर टेबलावर राहिली की बाष्पीभवनानं आकडे सरकतात आणि मग विहिरीचं पाणी खंदकाच्या पाण्यासारखं दिसू लागतं. म्हणजे चुकीचा, पण छापण्याजोगा निष्कर्ष! लोह-मँगनीजसाठी मात्र वेगळी बाटली: ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून नायट्रिक आम्लानं सामू २च्या खाली आणायचा. प्रयोगशाळेत येऊन गाळू म्हणशील तर वाटेत लोह साका होऊन तळाशी बसतं आणि अहवालात पाणी स्वच्छ निघतं. तिसरी गोष्ट काळाची. एका पावसाळ्यावर काही सिद्ध होत नाही, किमान दोन पूर्ण जलवर्षं हवीत. म्हणून मोजणी नोंदणीच्या दिवशी सुरू झाली पाहिजे, कोर्सवर्क संपल्यावर नाही.

पट्ट्याच्या आत जायला खाण व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागेल आणि ती न मिळण्याची तयारी ठेव. पंचायतीच्या आणि घरगुती विहिरी बाहेर आहेतच. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. खाणींचे पर्यावरण आघात अहवाल केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर उघडे असतात, त्यांत विहिरींच्या पातळ्यांपासून भूजलाच्या आराखड्यापर्यंत पुष्कळ असतं. ते आकडे जसेच्या तसे मानू नकोस, पण सुरुवातीला पुरतात. भूशास्त्रीय नकाशे 'भूकोश' संकेतस्थळावर आणि २०२३च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात मिळतील. सरांकडे जाण्याआधी एक संध्याकाळ तिथे घाल. तुझ्या तालुक्यात काय आहे आणि काय नाही हे सांगू शकणारी विद्यार्थिनी विषयाच्या चर्चेत वेगळ्या जागी बसते.

दुसरा भरभक्कम विषय म्हणजे डंप आणि टेलिंगचे, म्हणजे खनिज धुऊन उरलेल्या गाळाचे, तलाव. खनिजापेक्षा दुप्पट-तिप्पट टाकाऊ माल निघायचा, तो डोंगर होऊन उभा आहे. तलावांतल्या गाळात अजून लोह आहे, पण त्याबरोबर केओलिनाइट आणि गिब्साइटमधून आलेलं अ‍ॅल्युमिना इतक्या बारीक कणांत मिसळलेलं आहे की ते वेगळं काढणं हाच खरा प्रश्न. हायड्रोसायक्लोन, उच्च तीव्रतेचं चुंबकीय विलगीकरण, निवडक गुच्छन अशी साधनं आहेत. हे काम गोव्यात एकट्यानं होणार नाही. भुवनेश्वरची आयएमएमटी, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा, धनबादची आयआयटी-आयएसएम, सुरतकलची एनआयटी यांपैकी कुणाचा तरी हात लागेल. सुरतकल तर रेल्वेनं एका दिवसाच्या आत. दोन सूचना: तलावाच्या काठावरचा एक पोतंभर गाळ म्हणजे तलाव नव्हे. जड कण पाइपाच्या तोंडाशी बसतात, हलके पलीकडच्या टोकाला, म्हणून जाळी आखून आणि खोलीप्रमाणे नमुने घे, आणि शंकू करून चौथाई पद्धतीनं कमी कर. दुसरं, एक्सआरएफनं (क्ष-किरणांनी) काढलेल्या घटकांच्या टक्क्यांची बेरीज १००ला येत नसेल तर घाबरू नकोस, प्रज्वलन घट, म्हणजे तापवल्यावर कमी होणारं वजन, मोज. गोएथाइट या लोहखनिजात १० टक्के पाणी असतं, आणि आपल्या मालात गोएथाइट पुष्कळ. हे न मोजता सादर केलेले तक्ते परीक्षक पहिल्या पानावर पकडतात. आणि डंपांची मालकी हा कोर्टकचेऱ्यांचा विषय राहिला आहे, तेव्हा पंचवीस किलो उचलायचे असले तरी खाण संचालनालयाचं पत्र हाती असू दे.

तिसरा विषय तुला कुणीतरी नक्की सुचवेल: मांडवी-जुवारीच्या गाळातले जड धातू. सावध राहा. बार्जांच्या धक्क्यांपासून खारफुटीपर्यंत त्यावर इतकं काम झालं आहे की गाळाचे अजून दहा गाभे काढून समृद्धी गुणांक (धातू नेहमीपेक्षा किती जास्त ते सांगणारा आकडा) मांडला तर तो प्रबंध होईल, संशोधन होणार नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीत लोह-मँगनीजचं रूप भरती-ओहोटीनं कसं बदलतं आणि ते भातात किती जातं, असा नेमका प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

दगडाचं वय हा विषय मोह पाडणारा. अनमोड घाटातला ट्रॉन्ड्जेमाइट नाइस सुमारे ३४० कोटी वर्षांचा, धारवाड संघातला आपला गोवा गट त्यावर. पण पट्टेदार लोहशिलेत झिरकॉन, म्हणजे ज्यावरून वय काढतात ते खनिज, सहसा सापडत नाही, आणि झिरकॉन नाही तर युरेनियम-शिसे पद्धत लावणार कशाला? मधल्या ज्वालामुखी राखेच्या थरावर नशीब अवलंबून. यंत्र बाहेरगावचं, रांग लांब, प्रत्येक नमुन्याला पैसे. ज्या सरांकडे आधीच निवडलेले झिरकॉन डबीत आहेत त्यांच्याकडेच हा विषय घ्यावा.

उपग्रहाचं काम बिनखर्चाचं वाटतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट, १० मीटरची. पण जून ते सप्टेंबर वर ढग, म्हणजे डंप घसरतात नेमके तेव्हा डोळे बंद. रडार ढगातून बघतं, तर सेंटिनेल-१च्या आखूड तरंगाला आपली झाडी आडवी येते. २०२५च्या जुलैत सुटलेल्या निसार या रडार उपग्रहाचा लांब एल-बँड तरंग इथे उपयोगी पडण्यासारखा आहे. संगणकावर हात बसत असेल तर पाण्याच्या विषयाला ही जोड दे.

आणि गोव्याबाहेरची मुलं ज्यासाठी गोव्यात येतात ते आपण विसरतो: समुद्र. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. १९८१च्या जानेवारीत 'गवेषणी' जहाजानं हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीजचे गोटे वर आणले, आणि १९८७ला भारत हा समुद्रतळाच्या खनिजांसाठी नोंदणी झालेला जगातला पहिला 'अग्रणी गुंतवणूकदार' ठरला. आज मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आपल्याकडे आहे. त्या गोट्यांत मँगनीज साधारण २४ टक्के, निकेल आणि तांबं टक्क्याच्या आसपास, कोबाल्ट त्याहून कमी, पण किंमत त्याचीच जास्त. वास्कोला हेडलँड सड्यावरची ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था २०१६च्या करारातल्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइडं शोधते, आणि अंटार्क्टिकातली मैत्री-भारती ही केंद्रंही तीच चालवते. म्हणजे खनिजांवर पीएचडी आणि घर डिचोलीत, हे जमू शकतं. दोनापावल्याला प्रवेश प्रामुख्यानं एसीएसआयआर (सीएसआयआर प्रयोगशाळांची पदवी देणारी अकादमी) मार्फत किंवा विद्यापीठाच्या नोंदणीनं, आणि तिथे जेआरएफवाल्याला पहिला मान. समुद्राच्या कामाची मेख जहाजाच्या वेळापत्रकात. फेरी पुढे ढकलली की वर्ष गेलं. म्हणून विचारायचं ते हे: संस्थेच्या साठ्यात आधीच आणलेल्या नमुन्यांवर किमान दोन प्रकरणं लिहिता येतील का? हो म्हणाले तर फेरी मिळेल तेव्हा मिळो.

सरांची पारख करायला त्यांना भेटायच्या आधी 'शोधगंगा' हे प्रबंधांचं संकेतस्थळ उघड. त्यांच्या नावावरचे प्रबंध, विद्यार्थ्याचं नोंदणीवर्ष आणि सादर केल्याचं वर्ष पाहा. पाच ते सहा वर्षं ठीक, सरसकट आठ असतील तर समजून घे. निबंधांत विद्यार्थ्याचं नाव पहिलं असतं का तेही बघ. मग सध्याच्या विद्यार्थ्याला, सर नसताना, चहाला गाठ आणि विचार: कुठलं यंत्र चालू आहे, वार्षिक देखभाल करार आहे का, शेवटचा नमुना किती महिन्यांनी मोजून आला? सहाय्यक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा खरोखर रिकामी आहे का हेही आधीच कळेल. सरांकडे जाशील तेव्हा दोन पानांचं टिपण ने: प्रश्न काय, नमुने कुठले, मोजणी कोण करणार, खर्च कुठून. त्यावर ते बोलू लागले तर तीच माणसं. 'आधी नोंदणी तर कर' म्हणाले, तर नमस्कार करून ये.

आता खाणीवरची नोकरी. ती कमी लेखू नकोस. २०१७च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांनुसार खाणीला भूवैज्ञानिक नेमावाच लागतो, म्हणजे ही जागा कुणाच्या मेहरबानीची नाही. भूविज्ञानाच्या पदव्युत्तर माणसाला पाच वर्षांचा देखरेखीचा व्यावसायिक अनुभव झाला की खाण आराखडा तयार करायची पात्रता येते. २०१६च्या नियमांतली ही तरतूद पुढे स्वतंत्र व्यवसायाचं दार आहे. म्हणून नेमणूकपत्रात 'भूवैज्ञानिक' हे पद लिहून घे. 'साइट सुपरवायझर' किंवा कंत्राटदाराच्या पटावरचं नाव असेल तर तो अनुभव पुढे मोजताना वांधे होतात. एक गैरसमज मात्र काढून टाक: एमएस्सी किंवा पीएचडी करून खाणीची व्यवस्थापक होता येत नाही. त्याला खाण अभियांत्रिकीची पदवी-पदविका आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. मुलगी म्हणून अडवतील ही भीती २०१९पासून बरीच कमी झाली आहे. उघड्या खाणीत रात्रपाळीही लेखी संमतीनं करता येते, संमती न देण्याचा हक्कही तुझाच.

अर्धवेळ पीएचडीचा नियम इथे कामाला येतो, पण पैसा देणारी कंपनी आकड्यांचीही मालक असते. 'अमुक माहिती प्रबंधात आणि निबंधात वापरायला हरकत नाही' असं पत्र नोंदणीआधी घे, ना-हरकत पत्रात हे आपोआप येत नाही. नाहीतर पाचव्या वर्षी कायदा विभाग जागा होतो.

आईचं म्हणणंही चूक नाही. यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या जागा भरते. वय २१ ते ३२, पीएचडी लागत नाही. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, त्यात सामान्य अध्ययन १०० आणि विषय ३००, मुख्य परीक्षा २०० गुणांच्या तीन पेपरांची, लेखी आणि सविस्तर, मुलाखत २००. नेटचा अभ्यास पूर्वपरीक्षेला चालतो, पण मुख्य परीक्षेत लिहायची आणि आकृती काढायची सवय लागते, ती बहुपर्यायी प्रश्न सोडवून येत नाही. नेमणूक देशात कुठेही. गोवा सर्वेक्षणाच्या कर्नाटक-गोवा विभागात येतो, आणि तो बंगळूरहून चालतो. मडगावला भारतीय खाण ब्युरोचं कार्यालय आहे, पण त्याच्या भरोशावर घर धरून बसू नये.

पीएचडीनंतरचं. सीएसआयआरच्या शास्त्रज्ञपदांच्या बहुतेक जाहिरातींत वयाची अट ३२ असते. तू २३ची, २४ला सुरू, २९ला पदवी, मग एखादं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम. देशातल्या रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,००० मिळतात. म्हणजे घड्याळात जागा आहे, पण दोन वर्षं 'विषय मागाहून'मध्ये गेली तर ती राहत नाही. गोव्यातल्या महाविद्यालयांत भूविज्ञान विभागच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, धेंपे आणि चौगुले ही मुख्य नावं, त्यामुळे जागा क्वचित निघते. निघाली तर गोवा लोकसेवा आयोगाला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी 'इष्ट' असते. त्यासाठी नेटचा वरचा गट किंवा गोवा-सेट काढून ठेव. पीएचडी असूनही नसूनही उपयोगी. पाण्याचा विषय केलास तर आणखी एक बाजार उघडतो. पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मान्यतेसाठी भूविज्ञानाचा आणि जलभूशास्त्राचा स्वतंत्र तज्ज्ञ दाखवावा लागतो. हे काम लोहखनिजाच्या दरावर चालत नाही. धरण, महामार्ग, बंदर, चिरेखाण, सगळीकडे तोच माणूस लागतो.

परदेशाचं थोडक्यात. स्वीडन-नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते आणि जाहिरात निघते. लुलेओ हे खाणकामाचं मोठं ठिकाण. जर्मनीत फ्रायबर्ग, १७६५पासूनची खाणशाळा, ऑस्ट्रियात लेओबेन, ऑस्ट्रेलियात कालगुर्ली. पहिल्या ईमेलला एमएस्सीच्या प्रबंधातली एक आकृती जोड, 'आपल्या अधिपत्याखाली काम करण्याची तीव्र इच्छा' असलं काही लिहू नकोस. स्वतःच्या पैशानं पीएचडीला कुठेही जायचं नाही. चांगल्या विद्यार्थ्याला तिथे पैसे देऊन घेतात. आणि आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा सल्ला घरी कुणी देईलच. तो घेतलास की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर जेआरएफ, यूपीएससी आणि सरकारी शास्त्रज्ञपदं. शंभरदा विचार कर.

तुझ्या जागी आम्ही असं करू: सरांना दोन पानांचं टिपण देऊन 'हो' किंवा 'नाही' काढून घेऊ. पुढच्या नेटला आणि गेटला बसू. तोवर भूवैज्ञानिक असं पद लेखी मिळत असेल तर खाणीवरची नोकरी धरू. जेआरएफ आली तर नोकरी सोडून पूर्णवेळ. नाही आली तर नोकरीत राहून अर्धवेळ, पण आकड्यांचं पत्र हातात घेऊनच.

यांपैकी काहीही ठरायच्या आधी एक काम करता येतं. तुझ्या वाड्यावरच्या तीन विहिरी निवड, एक खंदकाच्या जवळची, एक मधली, एक लांबची. कठड्यावर रंगानं खूण कर आणि या शनिवारपासून पंधरवड्याला पातळी वहीत लिही, वेळेसकट. मेच्या अखेरीची पातळी वर्षातली सगळ्यात खालची. ती या वर्षी हुकली तर पुढच्या मेपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर शेजारच्या खंदकावर पंप बसलेला असेल.